आठ नंबरची पट्टी आणि माझा कॅप्टन

त्या शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी बातमी आली, की माझा कॅप्टन खेळणार नाही. मांडीचा स्नायू दुखावला होता. डेडलाइन साडेचारची. माझ्या हातात वीस मिनिटं होती आणि त्याच वीस मिनिटांत लॅबमधून इंटरकॉम वाजला.

आधी हे कॅप्टन प्रकरण काय ते सांगतो.

मी वलसाडच्या बाजूला, राखोलीतल्या एका यार्नच्या कारखान्यात क्वालिटीचा इनचार्ज आहे. यार्न म्हणजे पॉलिस्टरचा धागा. माझं घर अमळनेरचं. बायको तिकडे शाळेत शिकवते, मुलगी दहावीत, म्हणून त्या दोघी तिकडे आणि मी डोकमर्डीत एका खोलीच्या फ्लॅटमध्ये. सहा वर्षं झाली.

त्या शनिवारच्या दीड वर्ष आधी आमच्या डिस्पॅचच्या जयेशने प्लँटमध्ये फँटसी फुटबॉलची लीग काढली. आम्ही अकरा जण होतो. खेळ साधा आहे. इंग्लंडमधले खरे खेळाडू घेऊन मोबाइलवर आपली पंधरा जणांची टीम बनवायची. शनिवार-रविवारी ते खरे खेळाडू जसे खेळतील तसे आपल्याला पॉइंट मिळतात. गोल केला तर पॉइंट वाढतात, पिवळं कार्ड मिळालं तर कमी होतात. एकाला कॅप्टन करायचं, त्याचे पॉइंट डबल. सामने सुरू व्हायच्या आधी डेडलाइन असते, ती उलटली की त्या आठवड्यात काही बदलता येत नाही. पैसे लावायचे नाहीत हा जयेशचा नियम. सोमवारी चहाच्या वेळी तो कँटीनमध्ये टेबल मोठ्याने वाचायचा आणि शेवटच्या माणसाने सगळ्यांच्या डिश उचलायच्या, एवढंच.

बहुतेक सोमवारी त्या डिश मी उचलल्या.

माझा आठवडा त्या खेळाभोवती फिरायला लागला होता. मंगळवारपर्यंत मी कुणाशी नीट बोलत नसे. बुधवारी नवा खेळाडू शोधायला लागायचो. शुक्रवारी वाटायचं, या वेळी जमलं. रविवारी सगळं संपलेलं असायचं. ज्याला मी टीममधून काढला, त्याने दुसऱ्याच दिवशी दोन गोल केले. ज्याला बेंचवर बसवला, त्याने गोल केला, आणि बेंचवरच्याचे पॉइंट धरत नाहीत. एकदा माझा गोलकीपर बाराव्या मिनिटाला लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. त्या रविवारी बायकोने फोनवर विचारलं, "आवाज असा का येतोय? साहेब काही बोलले का?" मी म्हणालो, "नाही. गोलकीपर." ती मुलीच्या प्रिलिमबद्दल बोलायला लागली. मी हूं हूं करत राहिलो.

मला फुटबॉल खेळता येत नाही. शाळेत मी कबड्डीत होतो. पण इथे संध्याकाळी खोलीवर गेल्यावर माझ्यासाठी काही चालू आहे असं वाटायला एवढं एकच होतं. ते वाईट चाललं होतं तरी चालू होतं.

आता लॅबचं सांगतो. आमच्या मशीनवर धागा बॉबिनवर गुंडाळला जातो. मशीनवर अशा पुष्कळ जागा असतात, प्रत्येक जागेला नंबर. एखाद्या जागेचा हीटर थोडा जरी इकडेतिकडे झाला, तर तिथल्या धाग्याला रंग वेगळा बसतो. पांढऱ्या धाग्यात ते दिसत नाही. म्हणून लॅबमध्ये एका छोट्या निटिंग मशीनवर बारा जागांच्या धाग्याची, प्रत्येक जागेची एक पट्टी अशी, एक लांब नळी विणतात, मोज्यासारखी, आणि ती रंगवतात. मग लाइटखाली धरायची. सगळा मोजा एकसारखा आला तर माल पास. एखादी पट्टी गडद आली तर त्या जागेवरून उतरलेली सगळी बॉबिनं बाजूला काढायची.

ही पट्टी बघायचं काम वनिताबेन करायच्या. वनिताबेन जवळच्याच सुरंगी गावच्या, वय पस्तिशीच्या आसपास. कॉन्ट्रॅक्टवर होत्या, पण लॅबमध्ये नऊ वर्षं. मला चष्मा लावून जे दिसत नसे ते त्यांना दारातून दिसायचं. नवीन केमिस्ट आला की मी त्याला म्हणायचो, मशीनपेक्षा बेनचं ऐक.

त्या शनिवारी इंटरकॉमवर त्याच होत्या.

"साहेब, आठ नंबरची पट्टी डार्क दिसते. बघून जाव ने."

"किती डार्क?"

"थोडीच. पण आहे. परत मोजा काढू का? पाऊण तास लागेल."

"बाकीच्या अकरा?"

"त्या बरोबर आहेत."

गेटवर गाडी भरून उभी होती, सुरतेच्या पार्टीची. जयेशचे दोन फोन येऊन गेले होते. आणि मोबाइलवर चार वाजून एकोणीस मिनिटं झाली होती. मी दोन खेळाडूंच्या नावांवर बोट फिरवत होतो.

"एकच आहे ना? चालेल. ओके लिहा."

त्यांनी परत विचारलं, "ओके लिहू?"

"लिहा, वनिताबेन."

माझ्या केबिनला काच आहे आणि काचेपलीकडे लॅब. मी मान वर केली असती तर त्या माझ्याकडे बघताना दिसल्या असत्या. मी मान वर केली नाही. त्यांनी शीट आणून दिली, मी सही केली, आणि चार वाजून सत्तावीस मिनिटांनी एका लहानशा क्लबच्या मिडफिल्डरला कॅप्टन केलं. पाच वाजता गाडी गेली.

त्या मिडफिल्डरने तीन गोल केले.

दीड वर्षात पहिल्यांदा मी आठवड्यात पहिला आलो. सोमवारी जयेशने टेबल वाचलं तेव्हा स्वतःचं नाव सगळ्यात आधी ऐकून मला काय वाटलं ते सांगायला लाज वाटते. मी जिलेबी मागवली. लॅबमध्येही नेली.

वनिताबेननी एक उचलून विचारलं, "कशाची, साहेब?"

"मॅच जिंकलो."

"तुम्ही खेळता?"

"नाही. दुसरे खेळतात."

त्यांनी मान हलवली आणि जिलेबी रुमालात बांधून ठेवली, मुलासाठी.

नऊ दिवसांनी देसाई साहेबांनी बोलावलं. देसाई साहेब आमचे प्लँट हेड, वलसाडचे. मराठी चांगलं बोलतात, रागावले की गुजरातीवर जातात. त्यांच्या टेबलावर नेव्ही ब्लू कापडाचा तुकडा होता. त्यावर वीतभर अंतराने एकेक गडद रेघ. कोणालाही दिसेल अशी.

"पाटीलभाई, आ जुओ, हे बघा. आख्खं कापड असं आहे. पार्टी म्हणते, पुढची ऑर्डर कॅन्सल. कोणी पास केला?"

त्यांच्यापुढे टेस्टची शीट होती. बारा नंबर, बारा वेळा ओके, सगळे वनिताबेनच्या अक्षरात. खाली माझी सही. पण माझी सही म्हणजे रिपोर्ट मिळाला, एवढंच. पट्टी कशी आहे हा निर्णय कागदावर बेनचा होता.

"ओके तर लॅबने लिहिलंय," देसाई साहेब म्हणाले. "तुम्ही काय करणार?"

मी म्हणालो, "हो. वनिताबेननी ओके लिहिलंय."

यात एकही शब्द खोटा नव्हता. ते वाक्य मी नंतर पुष्कळ वेळा मनात परत बोलून बघितलं. प्रत्येक वेळी ते खरंच निघालं.

दुसऱ्या दिवशी वनिताबेनना पॅकिंगला पाठवलं. मला वाटलं, त्या येऊन काहीतरी बोलतील. त्या आल्या, लॅबचा एप्रन घडी करून कपाटात ठेवला, लाइटबॉक्सचं बटण बंद केलं, आणि म्हणाल्या, "जाते, साहेब." मी म्हणालो, "थोडे दिवस." त्या गेल्या.

आणि त्या शनिवारी सव्वाचारला मी पुन्हा मोबाइल काढला. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. कोणी विचारणारंही नव्हतं. पट्टी बघायला लॅबमध्ये नवी मुलगी होती, आणि मी कॅप्टन कोणाला करावा याचा विचार करत बसलो होतो. कॅप्टन मीच निवडला, त्याने पेनल्टी चुकवली. त्या आठवड्यात मी शेवटचा. सोमवारी मी डिश उचलत असताना जयेश हसून म्हणाला, "पाटील साहेब, एक आठवडा स्वर्गात, परत जागेवर." सगळे हसले. मीही हसलो. डिश धुण्याच्या जागी ठेवून मी सरळ देसाई साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

"साहेब, त्या दिवशी बेननी मला सांगितलं होतं. आठ नंबर डार्क आहे म्हणून. ओके लिहा असं मी सांगितलं."

देसाई साहेबांनी चष्मा काढला. "का?"

"मी मोबाइलवर होतो."

"अर्जंट होतं?"

"नाही."

त्यांनी कॉम्प्युटरचा स्क्रीन माझ्याकडे वळवला. पार्टीला पाठवलेलं उत्तर होतं. कंप्लेंट आली की असं उत्तर द्यावं लागतं: चूक का झाली, काय केलं, पुन्हा होणार नाही यासाठी काय करणार. 'का' या रकान्यात लिहिलं होतं, ऑपरेटरची नजरचूक. 'काय केलं' या रकान्यात, ऑपरेटर बदलला.

"परवा गेलं हे. पार्टीने मान्य केलं, ऑर्डर परत आली. आता मी काय लिहू? नजरचूक नव्हती, इनचार्ज मोबाइल बघत होता? ऑर्डर तर जाईलच, तुम्हीपण जाल. जवा दो, पाटीलभाई. बेनला दोन-तीन महिन्यांनी परत घेऊ."

मी जाऊ दिलं. साहेबांपुढे बेनना एकटं टाकायची ही दुसरी वेळ.

तीन आठवड्यांत वनिताबेननी काम सोडलं. पॅकिंगला आठ तास उभं राहावं लागतं. कॉन्ट्रॅक्टरला विचारलं तर तो म्हणाला, आली नाही, नाव काढलं.

एका रविवारी मी सुरंगीला गेलो. त्या घरामागे वाफ्यात वांग्यांना पाणी देत होत्या. मला बघून त्यांनी आतून खुर्ची आणली आणि स्वतः ओट्यावर बसल्या. मी सगळं सांगितलं. मोबाइल, कॅप्टन, साहेबांपुढे काय बोललो ते. खेळाचं सांगताना माझं मलाच ऐकवत नव्हतं.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही मोबाइलमध्ये होता ते दिसत होतं मला, साहेब. मीच पट्टी घेऊन आत यायला पाहिजे होतं. तुमच्या समोर धरली असती तर तुम्ही बघितली असती."

"चूक माझी होती, बेन."

"हो. पण ओके माझ्या हाताने लिहिलं ने."

मी विचारलं, परत बोलावलं तर याल का.

"तिथे आता दुसरी आहे ना. तिला काढून मला घेणार?" त्या उठल्या आणि आतून पाणी आणलं. "आणि आता लाइटखाली बसले तर मला प्रत्येक पट्टी डार्कच दिसेल. काय खरं ते कळणार नाही."

त्यांची ती नजर मी घालवली, हे तेव्हा कळलं. नोकरी एखादे वेळी देता आली असती.

लीग सोडली नाही, कारण सोडता येत नाही. तुम्ही हात लावला नाही तरी तुमची टीम खेळत राहते. मी अॅप काढून टाकलं. सीझनच्या शेवटी जयेशने सांगितलं, की त्यानंतरच्या आठवड्यांचे पॉइंट धरले तर मी अकरापैकी चौथा आलो. मी रोज लक्ष घालत होतो तेव्हा, तो एक आठवडा सोडला तर, एवढा वर कधी नव्हतो. देसाई साहेबांचे दोन-तीन महिने कधीच होऊन गेले, त्यांनी विषय काढला नाही. दोनदा मी काढला. दोन्ही वेळा ते म्हणाले, बघू.

लॅबमध्ये नवीन माणूस आला की हल्ली मी त्याला बाकी काही शिकवायच्या आधी एक सांगतो. कोणी तोंडी सांगितलं की ओके लिही, तर ओके लिहायचं, पण बाजूला त्या माणसाचं नाव आणि वेळ लिहायची. मी सांगितलं तरी. सगळे मान हलवतात. आजपर्यंत एकाही शीटवर असं कोणाचंही नाव आलेलं नाही. ते लिहायला घाबरतात, हे मला माहीत आहे. म्हणून आता पट्टी बघायला मी स्वतः उठून जातो.