पाया पावसाआधी का झाला नाही

डिचोलीकडच्या एका पुलाचे काम दोन वर्षे लांबले आणि खर्च ठरल्याहून बराच वाढला. ठपका कामावरच्या मुकादमावर आला. तो ठपका मीच ठेवला होता. आता ऐंशीच्या घरात आलो आहे, तेव्हा खरे काय ते लिहितो.

मी त्या कामावरचा सरकारी इंजिनिअर, वेळापत्रक माझे होते. मुकादम मूळचा सिंधुदुर्गातला, पेडण्यात स्थायिक झालेला. कागद पाहून तो म्हणाला, "सायबानू, ह्यात जत्रा खंय असा?"

शिरगावच्या जत्रेला आमचे निम्मे गडी धोंड होत, म्हणजे देवीचे व्रत धरत. त्या दिवसांत सोवळ्याने राहायचे, स्वतःचे रांधायचे. कामावर कुणी येत नसे. मी शेजारच्याच मये गावचा, मला हे कुणी सांगायला नको होते. पण ते दिवस धरले तर पाया पावसाळ्यापलीकडे जात होता, आणि तशी फाईल पणजीहून परत आली असती.

"होईल रे," मी म्हणालो.

"मगे देवीकच सांगा, औंदा जत्रा फुडे ढकल."

गडी व्रताला गेले. परतले तेव्हा दिवस थोडे उरले होते. पायाच्या अर्धवट खणलेल्या खड्ड्यात पावसाचे पाणी भरले, कडा ढासळल्या. पावसानंतर सगळे पुन्हा खणले. तोवर सिमेंट, लोखंड महागले होते. पणजीत चौकशी झाली तेव्हा मी म्हणालो, "मुकादमाचा मजुरांवर ताबा नव्हता." पूल त्यानेच पुरा केला. पुढचे काम मात्र त्याला कुणी दिले नाही.

गेल्या महिन्यात त्याच्या घरी जाऊन माफी मागितली.

"माका काय सांगतास? चौकशीच्या दिवशी मी दाराभायरच बसान सगळा आयकत होतंय. माझ्या झिलाक सांगा. तो अजून म्हणता, बापाशीक गडी सांभाळूक जमूक नाय."

त्याचा मुलगा पन्नाशीचा, ट्रक चालवतो. त्याला समोर बसवून मी सगळे सांगितले. तो बापाकडे वळला. "इतकी वर्सां गप कित्याक रवलास?"

"बोल्लंय असतंय तर खड्डो परत खणूचो चुकलो असतो?"

मुलगा हसला नाही. उठून त्याने बापाच्या पाठीमागची उशी नीट केली. मला जेवूनच जायला लावले. एवढे मिळण्याची माझी लायकी नव्हती.

हे लिहायला मुकादमाची परवानगी आहे, पण नाव घालू दिले नाही. "नाव घातलास तर पुलार खड्डो पडलो की लोक माझ्याच दारात येतले," म्हणाला.