गवत कापायचं यंत्र आणि झरीचे मिस्त्री

"हिला आखरी कोणी चालवलं व्हतं?"

बिघडलेली कोणतीही मशीन समोर आली की मिस्त्री आधी हा प्रश्न विचारायचे. पान्याला हात नंतर. उकिडवे बसायचे, टाकीचं झाकण काढून वास घ्यायचे आणि मशीन आणणाऱ्याकडे असे बघत राहायचे की माणूस आपसूक खरं बोलायला लागायचा. फवारणीचा पंप विहिरीत पडला होता, मेव्हण्याने टाकीत रॉकेल ओतलं होतं, असल्या कबुल्या त्यांच्या दुकानात रोज व्हायच्या. तुम्हीही असा एखादा मिस्त्री पाहिला असेल. त्याच्यापुढे काही लपत नाही, असं सगळे धरून चालतात. मीही तेच धरून चाललो होतो.

दुकान परभणीजवळच्या झरी गावात, बसथांब्याला लागून होतं आणि मी परभणीच्या एका कॉलेजात स्टोअरकीपर होतो. आमच्या शेडमध्ये गवत कापायचं एक जुनं विलायती यंत्र पडून होतं. पेट्रोलवर चालणारं, पुढे पात्यांचा लोखंडी रूळ, मागे ढकलायला दांडा. माझ्या रजिस्टरात ते वीसेक वर्षं 'नादुरुस्त' म्हणून सुखाने नांदत होतं. मग नवे प्राचार्य आले आणि त्यांना हिरवळीचा शौक निघाला. शहरातल्या तीन गॅरेजवाल्यांनी यंत्र पाहून हात जोडले. चौथ्याने झरीचं नाव सांगितलं.

मिस्त्री आले, यंत्राभोवती दोनदा फिरले आणि त्यांनी आपला प्रश्न विचारला. मी म्हणालो, ज्या माळ्याने चालवलं होतं तो वारला.

"मंग आता हिलाच इचारावं लागंल," ते म्हणाले आणि पटकूर अंथरून खाली बसले.

विचारपूस चार रविवार चालली. धुराच्या नळीत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं, ते त्यांनी तारेने उकरून काढलं आणि वर तिचं घर मोडल्याबद्दल हळहळले. कार्बोरेटरमध्ये जुनं पेट्रोल आटून काकवीसारखं झालं होतं. पॅकिंगसाठी त्यांना जाड पुठ्ठा हवा होता. मी ड्रॉवरमधली एक लग्नपत्रिका दिली. ती त्यांनी आहेराच्या सूचनेपर्यंत वाचली, नवरा-नवरी आता कुठे असतात, नीट नांदतात का, याची चौकशी केली आणि मगच कात्री लावली.

ठिणगी पडते की नाही हे उजेडात दिसेना, म्हणून आम्ही दोघे एका पोत्याखाली डोकी घालून बसलो आणि ते दोरी ओढत राहिले. शिपायाने आम्हाला त्या अवस्थेत पाहिलं आणि गावभर केलं.

खरं काम रिंगेचं होतं. पिस्टनची रिंग झिजलेली आणि तिचा जोड कुठेच मिळेना. मिस्त्रींनी एका जुन्या लुना मोपेडची रिंग आणली आणि ती कानशीने घासत बसले. थोडी घासायची, आत बसवायची, फटीत दाढीचं पातं सरकवून बघायचं, परत काढायची. एक अख्खा रविवार त्यात गेला. "घट्ट झाली तं जाम, ढिली झाली तं दम न्हाई," एवढंच त्या दिवशी ते बोलले.

यंत्र चालू झालं तेव्हा निळ्या धुराने अंगण भरून गेलं. मिस्त्रींनी स्वतः एक पट्टा कापला. मग मला बाजूला घेऊन सांगितलं की हिला तेलाची वेगळी जागा नाही, ही पेट्रोलातूनच तेल पिते, म्हणून लिटरमागे डब्याचं एक झाकणभर तेल मिसळल्याशिवाय दोरीला हात लावायचा नाही. दोनदा सांगितलं. मी ते खडूने शेडच्या दारावर लिहिलं. ते बघून त्यांचा जीव भांड्यात पडला. जगातल्या प्रत्येकाची उलटतपासणी घेणारा हा माणूस लिहिणाऱ्यावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवायचा. मी जन्मभर कारकुनी केली आहे. लिहून ठेवणारे काय लायकीचे असतात ते मला विचारा.

दोन महिन्यांनी कॉलेजात मोठे पाहुणे यायचे होते. माळी रजेवर, गवत घोट्याएवढं वाढलेलं. मी शेड उघडली तर तेलाचा डबा रिकामा. तेलाचं दुकान दहा मिनिटांवर होतं. एका दिवसाने काय होतंय, असं म्हणून मी माझ्या मोटरसायकलमधून नुसतं पेट्रोल काढलं आणि यंत्रात भरलं. निम्मी हिरवळ झाली. मग आतून एक किंचाळल्यासारखा आवाज आला आणि यंत्र जागच्या जागी थांबलं. दोरी दगडासारखी घट्ट. काय झालं ते मला त्याच क्षणी कळलं.

जे तेल आणायला मघाशी वेळ नव्हता, ते मी आता धावत जाऊन आणलं. टाकीत उरलेल्या पेट्रोलात ओतलं आणि यंत्र गदागदा हलवलं.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आले. बसले. विचारलं.

"मीच चालवलं," मी म्हणालो. "तेल घालूनच."

त्यांनी टाकीचं झाकण काढलं, वास घेतला, बोट बुडवून दुसऱ्या बोटावर घासून पाहिलं. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी कडुनिंबाकडे बघत राहिलो.

प्राचार्य व्हरांड्यातूनच बोलले. मोपेडची रिंग लावली की दुसरं काय होणार, असल्या माणसाला कोणी बोलावलं होतं, वगैरे. चारचौघांसमोर. मिस्त्री खाली मान घालून ऐकत होते आणि मी त्यांच्या शेजारी उभा राहून ऐकत होतो. प्राचार्य आत गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "एकडाव खोलू द्या की, भाऊसाहेब."

खोललं असतं तर पिस्टनवरचे कोरडे ओरखडे बघून त्यांना दोन मिनिटांत सगळं समजलं असतं. मी सांगितलं, भंगारात काढायचा हुकूम आहे. आमच्याकडे एक मोडकी खुर्ची भंगारात काढायलाही दीड वर्ष लागतं. ही फाईल मी आठवड्यात हलवली.

पुढे कित्येक वर्षं मी त्या नजरेवर जगलो. मनाशी पक्कं केलं की त्यांनी ओळखलं होतं. ओळखूनही माझी नोकरी सांभाळायला गप्प राहिले. केवढा मोठ्या मनाचा माणूस, असं मी दोघा-तिघांना सांगितलंही, अर्थात माझा भाग गाळून. त्यांना मोठं केलं की माझी सुटका व्हायची.

गेल्या हिवाळ्यात, निवृत्त झाल्यावर, एका नातेवाइकाच्या नातवाच्या जावळाला झरीला गेलो. मिस्त्रींच्या दुकानात आता बियाणं आणि खतं विकतात. तिथे कळलं, मिस्त्री पावसाळ्यात गेले. मागच्या गल्लीत घर होतं. त्यांच्या बायको ओसरीवर सुपात तूर निवडत होत्या. मी कॉलेजचं नाव सांगताच त्यांनी ओळखलं, पाणी दिलं, बसा म्हणाल्या.

त्यांनीच सांगितलं, त्या मशीनीनंतर मिस्त्री बिथरले. बसवलेली रिंग परत काढून बघायचे, पुन्हा बसवायचे, तरी भरवसा वाटायचा नाही. गिऱ्हाइकांना परभणीला धाडायला लागले. वर्षभरात दुकान बंद केलं आणि मग नुसते बसून असायचे.

मला राहवलं नाही. मी विचारलं, ते माझ्याबद्दल कधी काही बोलले का?

"बोलायचे की," त्या म्हणाल्या. "म्हनायचे, भाऊसाहेबानं तेल बराबर घातलं व्हतं, मी सोता बघितलं. चूक माझ्याच हाताची हाय."

मी त्यांना सगळं सांगितलं. कोरडं पेट्रोल, मागून ओतलेलं तेल, घाईने हलवलेली फाईल. सांगताना त्यांच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. सुपावरचा त्यांचा हात थांबलेला तेवढा दिसत होता.

सूप बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "मला कशाला सांगायलाव, भाऊ? त्यायला सांगायचं व्हतं. अर्ध्या तासावर तं व्हते."