कात्रीकाका आणि बिल्डरचा खुलासा

वर्तमानपत्राची पानं लावणाऱ्या काकांना कचेरीत सगळे ‘कात्रीकाका’ म्हणत. जाहिरात आली की बातमी खालून कापायची, वाचत बसायचं नाही, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम.

त्या दिवशी बातमी होती, बिल्डरने नगराध्यक्षांच्या प्रचाराला गुपचूप पैसा पुरवल्याची. आमचे संपादक भलतेच शूर. त्यांनी बिल्डरचा लांबलचक खुलासा शेवटी जोडून हात झटकले. तेवढ्यात, बातमी झाकली जावी म्हणून बिल्डरनेच आपल्या वीस मजली इमारतीची अर्ध्या पानाची जाहिरात धाडली. काकांनी इमानेइतबारे कात्री चालवली.

सकाळी आरोप ठणठणीत, खुलासा गायब! बिल्डर फोनवर कडाडला, “माझा खुलासा कुठंय?”

काका अदबीनं म्हणाले, “साहेब, त्या जागेवर तुमचीच इमारत उभी आहे.”