डावा अंगठा

वादळात पडलेली घरं एका संस्थेनं खरंच बांधून दिली का, हे तपासायला दुसऱ्या संस्थेचे साहेब शेणव्याला आले होते. फॉर्म भरायला मी.

आम्हाला पाहताच एका म्हातारीनं डावा अंगठा पदराला पुसून पुढे केला. साहेबांनी लगेच ठसा घेतला. असे सोयीचे लाभार्थी त्यांना आवडतात. नाव विचारायचं राहिलंच.

"आजी, घर कुठाय?" मी विचारलं.

मागे नुसते चार खांब होते, त्यांवर दुधीचा वेल.

"त्यांनी अंगठा घेतला नि आमाला अंगठाच दाखवला. आता तुमी पन दाखवाल."

"छे, आमचं काम पारदर्शक!" म्हणत साहेब फोटोसाठी तिला खेटून उभे राहिले आणि माझ्या मोबाइलकडे बघून त्यांनी झकास अंगठा दाखवला.