केळणाकाठची पांढरी

बहात्तरच्या दुष्काळात मी भोकरदनजवळ केळणा नदीच्या काठी बंधाऱ्याच्या कामावर मुकादम होतो. वय तेवीस. एवढी माणसं हाताखाली आली म्हणून डोक्यात हवा गेली होती. माती लांबच्या पडीक रानातून आणायची, असं ठरलेलं. पण नदीला लागूनच पांढरीचं टेकाड होतं. फार पूर्वी तिथं गाव नांदलेलं. माती भुसभुशीत, कुदळ घातली की सुटायची. मी तिथंच खणायला लावलं.

टोपल्या वाहणाऱ्या बायांत एक वयस्क मावशी होती. ती थांबली. "मुकादम, नदीकडून नका कापू. खाली जुनी घरं हायेत. पूर आला की पाणी बराबर इथूनच आत शिरंल."

"नदीत थेंब न्हाई आन् तू पुराचं सांगून राह्यली," मी म्हणालो. लोक हसले. मावशीनं टोपली उचलली.

पुढच्या पावसाळ्यात केळणा दुथडी भरून आली. आम्ही पाडलेल्या खाचेतून पाणी शिरलं आणि निम्मं टेकाड घेऊन गेलं. उरलेल्या दरडीत विटांच्या भिंती, चुली, अर्धी तुटलेली विहीर उघडी पडली. खाली वाळूत खापरंच खापरं.

मग जुन्या वस्त्यांचा अभ्यास करणारे एक प्राध्यापक आले. त्या विहिरीच्या कडेवरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "एवढं कसं गेलं?"

"नदीनं नेलं, सर."

मावशी त्यांच्याकडं खापरं वेचायला लागली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. आता बोलणार, असं वाटलं. ती खापरावरची माती झटकत राहिली. चार माणसांत शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

तीन दिवस मी तिकडं फिरकलो नाही. चौथ्या दिवशी जाऊन सरांना सांगितलं. ते रागावले नाहीत. वही उघडून म्हणाले, "कुठून कुठपर्यंत कापलं, तेवढं दाखवा. नकाशात घेऊ."

मी दाखवलं, पण खरं होतं त्यापेक्षा दहा पावलं कमी. तेवढ्यानं माझं काय वाचणार होतं, कोण जाणे. त्यांनी तसंच उतरवून घेतलं.

संध्याकाळी मावशीला गाठलं. "मावशी, तुमचं ऐकायला पाहिजे होतं."

"मला काय सांगता? त्या सरांना सांगा."

"सांगितलं."

"समदं?"

मी हो म्हणालो.