न घेतलेली फेरी

त्यांना सगळे 'नियम मास्तर' म्हणत, आणि ते काही कौतुकानं नव्हे. मास्तरांचा धंदा गाडी शिकवण्याचा. रिकाम्या रस्त्यावर वळताना शिकणाऱ्यानं दिवा दाखवला नाही, तरी ते गाडी कडेला घ्यायला लावत आणि म्हणत, "कुणी बघत नसतं तेव्हाच नियम पाळायचा असतो. बघत असलं की काय, चोरसुद्धा पाळतो!" हे वाक्य ऐकून ऐकून बायकोचे कान किटले होते.

अशा माणसाला नाद लागला होडीचा. शिडाची लहानशी होडी, ट्रेलरवर चढवून गाडीमागे ओढत नेता येईल अशी. वाकून शिरावं लागेल एवढीशी केबिन, तीत दोघं कशीबशी पाय पसरणार. शनिवारी तलावावर शर्यत, रात्री समोरच्या काठाशी नांगर टाकून मुक्काम, रविवारी परत. "घर लहान पडतं म्हणून कुरकुरता आणि आता कपाटात झोपायला निघालात," असं बायको आधी म्हणाली होती. पण पुढच्या शिडाची दोरी तिच्या हातात आली, वारा कळायला लागला, आणि मग शुक्रवारपासूनच ती पिशवी भरू लागली. मास्तर सुकाणूवर, ती शिडावर. संसाराला इतकी वर्षं झाल्यावर दोघांना मिळून करावंसं वाटेल असं काहीतरी सापडलं होतं.

या शर्यतीची एक गंमत आहे. वळणावर खुणेचा केशरी बोया तरंगत असतो, त्याला वळसा घालायचा. होडी बोयाला घासली, तर आपली शिक्षा आपणच भोगायची: तिथेच होडी गोल फिरवून एक पूर्ण फेरी घ्यायची आणि मगच पुढे जायचं. कुणी शिट्टी वाजवायला येत नाही. ज्यानं त्यानं आपापल्या मनाला विचारायचं.

हंगामातल्या शेवटच्या शर्यतीत मास्तर पहिल्यांदाच सगळ्यांच्या पुढे होते. पाठोपाठ फक्त औषधवाले काका. आयुष्यभर औषधांचं दुकान चालवलेला, हळू बोलणारा, पिकल्या केसांचा माणूस. मास्तरांना होडी हाकायला त्यांनीच शिकवलेली. शेवटच्या वळणावर मास्तरांनी होडी फार जवळून नेली आणि तिच्या अंगाला खस्सकन काहीतरी घासलं.

"अहो, लागला बोया," बायको म्हणाली.

"लाट होती. तू दोरी ओढ."

तिनं त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि दोरी ओढली.

मास्तर जिंकले. काकांनी हात हातात घेऊन "वळण छान घेतलंत" म्हटलं, तेव्हा मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण चषक काही त्यांनी खाली ठेवला नाही. फोटोसाठी बायकोला हाका मारल्या, तर ती म्हणाली, "मी होडी धुतेय, तुम्ही घ्या काढून." मुक्कामालाही ती थांबली नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

चषक शिकवणीच्या टेबलावर गेला. येणारा जाणारा विचारी, मास्तर सांगत आणि दर वेळी थोडं कमी सांगत. एकदा एका मुलीनं दिवा न दाखवता वळण घेतलं. मास्तरांनी सवयीनं तोंड उघडलं, "कुणी बघत नसतं तेव्हाच..." आणि पुढचं वाक्य सोडून "चला पुढे" एवढंच म्हणाले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! घरी बायको सगळं बोलायची, होडीचं सोडून.

मग त्यांना भलतीच शंका आली. होडी पांढरी, बोया केशरी. डाग पडला असणार, आणि ताडपत्री काढली की तो साऱ्या जगाला दिसणार. सकाळी पेट्रोलमध्ये भिजवलेलं फडकं घेऊन ते होडीवरच्या ताडपत्रीखाली शिरले. डाग कुठेच नव्हता. क्षणभर त्यांना वाटलं, खरंच लाटच असेल! ते शीळ घालतच केबिनमध्ये गेले. तिथे गादीमागे बायकोची उन्हाची पांढरी टोपी चुरगळून कोंबलेली होती. तिला केशरी रंग लागला होता.

बाहेर आले तर बायको समोर उभी.

"लोक ट्रेलरपाशी यायला लागले होते," ती म्हणाली. "तुमची शोभा होऊ नये म्हणून हातात होतं त्यानं पुसलं. तेव्हापासून माझी मलाच लाज वाटते. मी नाही येणार आता होडीवर."

आपण खोटं बोललो हे एक वेळ मास्तरांनी पचवलं असतं. पण जिला खोटं साधत नाही तिच्या हातून आपण ते पुसून घेतलं, याची त्यांना विलक्षण शरम वाटली. ते चषक घेऊन गाडीत बसले. बायकोही टोपी घेऊन शेजारी येऊन बसली.

काका दुकानात एकटेच होते. मास्तरांनी चषक पुढे केला. "काका, मी बोयाला घासलो होतो. फेरी घेतली नाही. हा तुमचा."

काकांनी चषकाला हात लावला नाही. "घासला होता? नक्की?"

"नक्की."

"मला दिसलं होतं हो, बोया डुललेला. म्हटलं, मास्तर आता फेरी घेणार. तुम्हाला जागा हवी म्हणून मी शीड सैल सोडून बाजूला झालो. तर तुम्ही सरळ निघून गेलात." काका ओशाळून हसले. "मग वाटलं, मास्तर आणि नियम मोडतील? माझीच नजर गेली. नजर गेलेल्यानं दुसऱ्यांच्या मधे होडी घालू नये. गेल्या रविवारी विकून टाकली मी."

मास्तरांना वर बघवेना.

बायकोनं टोपी काकांसमोर काउंटरवर ठेवली. "काका, तुमची नजर चांगली आहे," ती म्हणाली.

काकांनी चष्मा काढला, टोपी उजेडात धरली आणि तो केशरी डाग कितीतरी वेळ बघत राहिले.