रास्तचा बावीस, बयातीचा नऊ

कैरोतल्या शुब्रा भागातल्या शाळेत अवातिफ गणित शिकवायची, म्हणून शाळेत ती अब्ला, म्हणजे बाई. घरी यायला जिना चढू लागली की शेजारणींसाठी ती उम्म हातिम, हातिमची आई. या दुसऱ्या नावाचं ओझं तिला जास्त होतं. हातिम कॉमर्सची पदवी घेऊन घरी बसला होता. सरकारी नोकरीच्या यादीत त्याचं नाव कधी लागेल हे यादी करणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. मित्राच्या कीबोर्डवर गाणी वाजवण्यात त्याचा दिवस जायचा. तो रात्री नीट जेवला नाही की अवातिफला शाळेत बेरजा चुकल्यासारखं वाटत राहायचं.

तिचा नवरा फिक्री कानून वाजवायचा. ते तारांचं पसरट वाद्य मांडीवर घ्यायचं, तर्जन्यांना अंगठ्या चढवून छेडायचं आणि डाव्या हातानं पितळेच्या बारीक खिट्या वर-खाली करून स्वर किंचित चढवायचे, उतरवायचे. मुअल्लिम, म्हणजे मालक, दसूकीच्या ताफ्यात त्याची खुर्ची ठरलेली होती. कैरोभरच्या गल्ल्यांत लग्नाचे मांडव पडायचे, दसूकीची व्हॅन निघायची आणि फिक्री आपलं वाद्य तान्ह्या मुलासारखं छातीशी धरून मागच्या बाकावर बसायचा.

त्या वर्षी दसूकीनं जपानी सिंथेसायझर आणला. यंत्र झकास होतं; व्हायोलिन, बासरी, ढोल, मागाल ते वाजायचं. पण त्याच्या पट्ट्या परदेशी सुरांत घट्ट बसलेल्या होत्या. आपल्या गाण्यांत दोन पट्ट्यांच्या मधे जो सिका नावाचा स्वर लागतो, तो त्याच्याजवळ नव्हताच. गायिका म्हणाली, "हा परदेशी खवाजा तोडकं अरबी बोलतोय. मी याच्याबरोबर गाणार नाही."

दसूकीनं यंत्र हातिमच्या हवाली केलं. "तू शिकलेला आहेस. याला बोलायला शिकव. नाहीतर मी विकून टाकतो."

माहितीपुस्तकाच्या शेवटच्या पानांवर, तोडक्यामोडक्या इंग्रजीत, हातिमला वाट सापडली. संगणकातून केबलनं त्या यंत्राला एक खास संदेश पाठवता येत होता, फक्त त्याच जातीच्या यंत्राला कळणारा. 'सिस्टिम एक्सक्लुझिव्ह' असं त्याचं भारदस्त नाव. संदेश म्हणजे नुसते आकडे. आधी यंत्राची ओळख, मग त्याच्या पोटातली कुठली जागा बदलायची ते, मग बाराही स्वरांचा एकेक आकडा, आणि शेवटी ताळा, बेरीज तपासायचा आकडा. चौसष्ट लिहिलं की स्वर जागच्या जागी. त्याहून कमी लिहिलं की तेवढा खाली; शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर शंभराचं.

हातिमनं संदेश पाठवला. काही झालं नाही. परत पाठवला. यंत्र रागावतही नव्हतं, चूक झाली असं सांगतही नव्हतं. जुन्याच सुरात वाजत होतं.

"ताळा चुकला की ते संदेश फेकून देतं," हातिम म्हणाला. "आणि आई, माझा ताळा बरोबर आहे."

"दाखव."

अवातिफनं चष्मा लावला. सोळाच्या पायावरची मोजणी तिनं कॉलेजात केली होती, विसरली नव्हती. तिनं पान दोनदा वाचलं.

"तू सगळंच बेरजेत धरलंयस. यंत्राची ओळख यात नाही धरायची. जागेपासून पुढचंच मोजायचं."

"असं कुठं लिहिलंय?"

"कुठंच नाही. पण त्यांचं उदाहरण सोडवून बघ, तसंच सुटतंय."

हातिमनं ताळा बदलून संदेश पाठवला, पट्टी दाबली, आणि जपानी यंत्रातून पहिल्यांदा सिका निघाला. तिनं नकळत पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. कितीतरी दिवसांनी तो हसत होता.

खोलीच्या दारात फिक्री उभा होता. "किती ठेवलाय?" त्यानं विचारलं.

"चौदा. बरोब्बर अर्धा खाली, बाबा."

"बरोब्बर आहे म्हणूनच मेलेला आहे," असं म्हणून तो नमाजाआधीच्या वजूला निघून गेला.

रमजान लागला. रमजानात लग्नं नसतात, साजिंदे घरीच. अवातिफनं नवऱ्याला विनवलं. "अहो, बसा ना त्याच्याजवळ. तुमचा कान त्याला द्या. सगळे मिळून कामावर जाल."

"मी आणि तो डबा?"

"तुम्ही आणि तुमचा मुलगा."

फिक्री बसला. इफ्तारीच्या आधीच्या त्या लांबलचक दुपारी, चुलीवर मसूर शिजत असताना, बाप कानूनची खिटी फिरवून तार छेडायचा आणि मुलगा आकडा बदलायचा.

"वर घे. अजून. रास्त रागातला सिका मान वर करून चालतो रे, घरचा कर्ता आहे तो. हं, थांब. किती झाला?"

"बावीस."

"आता बयाती राग. त्यात तोच सिका मान खाली घालतो. खाली. अजून. एवढा नाही गाढवा, तो लाजतोय, मेलेला नाही."

"नऊ."

"नऊ," फिक्री म्हणाला आणि डोळे मिटून तार परत छेडली.

अवातिफ कांदा चिरता चिरता ताळे सांगायची. एकेका रागाचा एकेक संदेश तयार होत होता. हातिम ते यंत्राला जोडायच्या एका छोट्या डबीत भरून ठेवायचा, म्हणजे मंचावर पायाखालचं बटण दाबलं की सूर बदलावेत. बापलेक एकमेकांशी इतकं यापूर्वी कधीच बोलले नव्हते. या घराला अखेर सूर सापडला असं तिला वाटलं, आणि तसं वाटल्याचीच भीती वाटली.

महिना अर्ध्यावर आला असताना दसूकी यंत्र कुठवर आलं ते बघायला आला. बापलेक मशिदीत गेले होते. घरात बाई एकटी म्हणून तो जिन्यातच थांबला. अवातिफनं दार उघडं ठेवून त्याला आतलं यंत्र वाजवून दाखवलं.

"वा, उम्म हातिम, हा तर आपला झाला. ईदनंतर पोराला घेतो मी."

"अल्ला तुमचं भलं करो. दोघं बरोबर जातील, मला काळजी नाही."

दसूकीनं मिशीवरून बोट फिरवलं. "एका घरातले दोघे मी घेत नाही, माहीत आहे तुम्हाला. घरात मयत झाली की दोन खुर्च्या रिकाम्या राहतात. माझ्या बापानंही कधी घेतले नाहीत. आणि कानूनला वेगळा माईक, तारा लावायला वेळ, व्हॅनमध्ये जागा. तुम्हीच सांगा, कोण?"

माहीत होतं. दसूकीचा हा नियम तिला लग्न झाल्यापासून माहीत होता. तरीही 'सगळे मिळून' असं ती नवऱ्याला म्हणाली होती. तिनं जिन्याच्या कठड्याकडे बघितलं.

"मुलाचं लग्न व्हायचंय," ती म्हणाली.

दसूकी मान डोलवून उतरून गेला. दुसऱ्या दुपारी फिक्री पुन्हा यंत्राजवळ बसला आणि ती कांदा चिरत ताळे सांगत राहिली. उरलेला महिना तिनं एक शब्द काढला नाही. ईदचा गोडधोड फराळ झाला, व्हॅन गल्लीत येऊन उभी राहिली, आणि हातिम एकटाच चढला. फिक्री गॅलरीतून बघत होता. "केबल घेतलीस का रे?" एवढंच त्यानं वरून विचारलं.

त्यानंतर तो रोज मुहम्मद अली रस्त्यावरच्या कॉफीच्या दुकानात जाऊन बसायला लागला. जुने साजिंदे तिथं कामाची वाट बघत बसतात. वाद्य बरोबर न्यायचा, संध्याकाळी तसंच परत आणायचा. हातिमचा साखरपुडा झाला. मुलीच्या वडिलांनी व्याह्यांना विचारलं, "आपण काय करता?" फिक्री म्हणाला, "मी आता ऐकतो."

उन्हाळ्यात त्यांच्याच गल्लीत, इस्त्रीवाल्या बद्रानच्या मुलीचं लग्न निघालं. ताफा दसूकीचा. दिव्यांच्या माळांखाली खुर्च्या मांडल्या होत्या. फिक्री दुसऱ्या रांगेत बसला, शेजारी अवातिफ. गायिकेनं रास्तमध्ये सुरुवात केली, मधे ओवाळणी टाकणाऱ्या पाहुण्यांची नावं पुकारली गेली, आणि गाण्यावर परत येताना तिनं बयाती धरला. हातिमचा पाय जागचा हलला नाही.

फिक्रीनं मांडीवर डाव्या हाताची बोटं हलवली, खिटी फिरवल्यासारखी. मग थांबवली.

"चौदा आहे," तो म्हणाला.

"काय?"

"रास्तलाही चौदा, बयातीलाही चौदा. पहिल्या दिवशीचा."

गाणं संपल्यावर हातिम घाम पुसत, सरबताचा ग्लास घेऊन त्यांच्याकडे आला. अवातिफनंच विचारलं.

"मुअल्लिम म्हणाले एकच ठेव," हातिम म्हणाला. "बटणं दाबण्यात घोळ होतो, आई. दोनदा चुकीचं दाबलं गेलं. आणि कुणाला कळत नाही गं. गायिकेलाही नाही. डबी कपाटात आहे, फेकली नाहीये." बापाकडे न बघता तो मंचाकडे परतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच कुणाला काही कळलं नव्हतं.

अवातिफला नवऱ्याचा हात धरावासा वाटला. धरला असता तर सगळं सांगावं लागलं असतं, म्हणून तिनं ओढणी सारखी केली. "तुम्ही इतका जीव लावून सांगितलंत त्याला," ती म्हणाली.

"दसूकी त्याच दिवशी म्हणाला होता मला," फिक्री म्हणाला. "तरावीहच्या नमाजानंतर, मशिदीच्या दारात. तू जिन्यात काय बोललीस ते."

मंचावर ढोल सुरू झाला होता. तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. पण तिनं नीट ऐकलं होतं.

"मग पुढं का सांगत राहिलात?" तिनं विचारलं. "अर्धे राग उरले होते. का दिलेत?"

फिक्रीनं मुलाकडे बघितलं. दिव्यांच्या खाली हातिम चांगला दिसत होता, भरलेला, नव्या शर्टात.

"वाटलं, निदान वापरेल," तो म्हणाला. बद्रानचा भाऊ खिरीच्या वाट्या घेऊन आला होता. फिक्रीनं एक घेतली आणि दुसरी तिच्या हातात दिली.